शेवटच्या थांब्यावर सर्वांनी उतरावे

बस फुकट झाली तेव्हा सगळ्यात जास्त नाचले ती मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी असं म्हणायला नको की हिला गोरगरिबांचं बरं झालेलं बघवत नाही. मी कंडक्टर. इतकी वर्षं गर्दीत घुसून 'तिकीट, तिकीट' ओरडल्याने माझा आवाज असा झालाय, की घरात मी साधं मीठ मागितलं तरी नवऱ्याला वाटतं भांडण सुरू झालं. सुटे पैसे कमी पडले म्हणून खाली उतरवलेल्या बाया मला अजून आठवतात. त्यांना उतरवायचं कामही माझंच होतं. त्यामुळे युनियनने फुकट बसची मागणी धरली तेव्हा मोर्चाच्या पुढे मी होते आणि घोषणा देणारा घसा माझाच होता.

मागणी मान्य झाली. पहिल्या दिवशी एक धोबीण तीन गाठोडी घेऊन चढली आणि दारातच थांबून मला म्हणाली, खरंच काही द्यायचं नाही ना, नंतर उतरवणार नाही ना? मी म्हटलं, बस निवांत. ती सीटच्या कडेवर अशी बसली की कधीही उठवतील. दोन थांबे गेल्यावर मागे टेकली. तेवढं बघून माझं पोट भरलं.

आमची तिकीट मशीनं आणि चामड्याच्या पिशव्या डेपोत जमा झाल्या. बदल्यात छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला, 'प्रवासी मित्र'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसला तो बिल्ला. पण तेव्हा मी तोही पुसूनपुसून लावत होते.

मग थंडी आली. आणि लोक बसमध्ये बसायला लागले. म्हणजे कुठे जायला नव्हे, नुसते बसायला. एक म्हातारी लोकर विणत बसायची. एक माणूस, त्याचा कारखाना बंद पडला होता, तो खिडकीला डोकं टेकून झोपायचा. घरात चार भावंडांचा गोंगाट असलेली एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करायची. कुणी घाण करत नव्हतं, कुणी दारू पिऊन येत नव्हतं. गाडीत ऊब होती आणि बाहेर नव्हती, एवढीच त्यांची चूक.

कामाला जाणाऱ्यांनी तक्रारी केल्या की आम्हाला जागा मिळत नाही. तक्रार खरी होती. तिच्यावर उपाय एकच, गाड्या वाढवा. पण गाडी वाढवायला खर्च येतो आणि हुकूम काढायला फक्त कागद लागतो. साहेबांनी हुकूम काढला. शेवटच्या थांब्यावर सर्वांनी उतरावे. उतरलेल्याने त्याच गाडीत पुन्हा चढू नये. विनाकारण प्रवास करताना कुणी आढळल्यास कुठे जायचं आहे ते विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास खाली उतरवावे. विनातिकीट पकडणारे तपासनीस तिकीटच नसल्यामुळे रिकामे झाले होते, त्यांना आता हे काम मिळालं. तेव्हा विनातिकीट पकडायचे, आता विनाकारण पकडायला लागले.

साहेबांनी हुकूम वाचून दाखवला तेव्हा मी उभी राहिले. विचारलं, साहेब, तिकीट होतं तेव्हा आपण कधी कुणाला विचारलं का, कुठे चाललास आणि कशाला? एखादा दिवसभर त्याच गाडीत फिरला असता तरी आपण पैसे घेऊन गप्प बसलो असतो.

साहेब म्हणाले, "तेव्हा ते पैसे देत होते."

एवढंच. पुढे काही नाही. जणू त्यांनी मला दोन आणि दोन चार शिकवले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सभेतले बाकीचे माना हलवत होते. मोर्चात माझ्या मागे ओरडणारेही हलवत होते. त्यांनाही दिवसभर तेच ते चेहरे बघायचा कंटाळा आला होता.

मी हुकूम पाळला तो असा, की शेवटच्या थांब्यावर तोंड दुसरीकडे करून 'उतरा' म्हणायचं आणि कोण उतरलं नाही ते बघायचं नाही. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यात मजा यायला लागली. दुपारी कँटीनमध्ये पैजच लागायची, आज सगळ्यात भारी थाप कुणी ऐकली. फुकट्यांच्या थापा, असं तिला नावच पडलं होतं. कुणी म्हणे आजीला भेटायला चाललोय, आणि स्वतःच सत्तरीचा. कुणी म्हणे बँकेत, आणि दिवस रविवार. लोकांना उतरवायचं आणि वर त्यांच्यावर हसायचं. मला राग यायचा. पण सांगणारे नकला अशा करायचे की हसू यायचं, ते काही माझ्या हातात नव्हतं.

आमच्यात एक लंबू आहे. ताडमाड उंच, मनाने वाईट नाही, पण नकला करायला लागला की समोर कोण आहे ते बघत नाही. त्या दिवशी तो म्हणाला, माझा म्हातारा ऐका. हा म्हातारा त्याला तीन वेगवेगळ्या मार्गांवर सापडला होता आणि दर वेळी कारण नवीन. एकदा म्हणे डॉक्टरकडे. एकदा म्हणे लेकीच्या घरी, तिचं बाळंतपण आहे. आणि काल म्हणे गिऱ्हाइकाला कोट द्यायचाय, आणि हातात जेवणाच्या डब्याशिवाय काही नाही. लंबूने विचारलं, कोट कुठाय? तर म्हाताऱ्याने लंबूच्याच कोटाची कॉलर धरली.

लंबूने म्हाताऱ्याचा आवाज काढला, "उजवी बाही चुकीची बसवलीय. हात वर केलास की सगळा कोट वर चढतो. काढून दे, बसल्या बसल्या नीट करून देतो."

आणि दाखवायला म्हणून लंबूने हात वर केला, तर कोट खरंच वर चढला आणि खालचा शर्ट दिसला. सगळे खो खो हसले. मी सगळ्यांच्या वर. चहा नाकात गेला माझ्या.

तो ठसका अजून चालू होता आणि मला कळलं. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, रस्त्यात, कुठेही कुणाची बाही चुकलेली दिसली की माझे बाबा असंच म्हणायचे. आयुष्यभर शिंपीकाम केलं त्यांनी. डोळे अधू झाले तेव्हा मशीन विकलं, पण चुकलेली बाही त्यांना अजून लांबून कळते.

मी विचारलं, मग काय केलंस त्याचं? लंबू म्हणाला, काय करणार, शेवटी नेऊन उतरवला डेपोच्या भिंतीपाशी. ज्या माणसावर मी हसले तो माझा बाप आहे, हे त्या टेबलावर मला म्हणता आलं नाही. मी चहा तसाच टाकून उठले.

ड्यूटी संपल्यावर थेट दादाकडे गेले. आई गेल्यापासून बाबा दादाकडे असतात. दोन खोल्या. दादा बेकरीत रात्रपाळी करतो आणि दिवसा आतल्या खोलीत झोपतो. बाहेरच्या खोलीत वहिनी पाळणाघर चालवते, लोकांची सहा-सात पोरं असतात. मी गेले तेव्हा पोरं ओळीने झोपलेली होती आणि आत दादा घोरत होता. म्हणजे भांडायचं तर कुजबुजत. जन्मात पहिल्यांदा मी कुजबुजत भांडले, आणि त्याने राग दुप्पट होतो.

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला दिवसभर रस्त्यावर घालवता, लाज नाही वाटत? वहिनीच्या कडेवर एक पोर होतं. ती त्याला थोपटत राहिली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली. "मी त्यांना एकदा तरी जा म्हटलं असेल तर माझी जीभ झडो. त्यांना खोकला आहे. खोकला आला की उशीत तोंड खुपसून खोकतात, तुझा भाऊ उठू नये म्हणून. डोळे बाहेर येतात. मला बघवत नाही. एक दिवस आपण होऊनच निघाले. मी डबा भरून देते, दुसरं काय करू ते तू सांग."

पुढे वहिनी म्हणाली की पूर्वी त्यांच्याकडे महिन्याचा पास होता. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, जुन्या दोस्ताच्या दुकानात बसतो म्हणायचे. आम्हीही मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मग ती म्हणाली, तू ने ना तुझ्याकडे. मी चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बाबांचा डावा गुडघा मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच बसला होता, तिथून त्यांना खुर्चीत घालून खाली आणावं लागलं. हे तिलाही माहीत होतं. कुणावर चिडावं तेही कळेना, आणि चिडल्याशिवाय राहवेना.

बाबा दिवेलागणीला आले. मला बघून आधी त्यांनी माझ्या गणवेशाचं बटण तपासलं, सैल आहे म्हणाले. मी त्यांना जिन्यात घेऊन गेले आणि सरळ विचारलं, लंबूने उतरवला तो म्हातारा तुम्हीच ना? ते पायरीवर बसले. गुडघा चोळत म्हणाले, "पास होता तेव्हा बरं होतं गं. पास दाखवला की झालं. आता तोंड दाखवावं लागतं. आणि रोज नवीन कारण मला सुचत नाही."

मी विचारलं, मग माझ्या गाडीत का आला नाहीत? म्हणाले, तुला उतरवावं लागलं असतं ना मला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्यांची गत झाली होती, आणि तरी काळजी कुणाची, तर माझ्या नोकरीची. मी म्हटलं, उद्यापासून माझ्याच गाडीत बसायचं. माझ्या नोकरीचं मी बघते. ते नाही नाही म्हणत राहिले. मी माझा कंडक्टरचा आवाज काढला तेव्हा हो म्हणाले.

मग काही दिवस बरे गेले. बाबा माझ्या मागच्या सीटवर बसायचे. शेवटच्या थांब्यावर मी 'उतरा' म्हणायचे, ते खिडकीबाहेर बघायचे, आणि आमचा ड्रायव्हर आरशात बघायचाच नाही. त्याला कळलं होतं, पण त्याने एका शब्दाने विचारलं नाही. बाबांनी सुईदोरा आणला. अभ्यास करणाऱ्या त्या मुलीच्या दप्तराचा पट्टा शिवून दिला, ड्रायव्हरच्या सीटचं फाटलेलं आवरण शिवलं. खोकला आला तर मोकळा खोकायचे. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय. दुपारी डबा उघडला की मला बोलवायचे, आणि मी उभ्या उभ्या दोन घास खायचे. लग्नानंतर इतके दिवस सलग मी बापाबरोबर जेवले नव्हते. रागात असलेल्या माणसालाही सुख होतं, ते असं.

पण गाडी म्हणजे काही घर नव्हे, दार सगळ्यांना उघडं. एका सकाळी शेवटच्या थांब्यावर तपासनीस चढला. त्याला आम्ही चष्मेवाला म्हणतो. परतीचे प्रवासी आधीच आत भरले होते, दांड्याला लटकून उभे होते. चष्मेवाला गर्दीतून वाट काढत बरोबर बाबांपुढे आला. कुणीतरी सांगितल्याशिवाय एवढं बरोबर येता येत नाही.

कुठे जायचंय आजोबा, त्याने विचारलं. बाबांनी तोंड उघडलं, पण त्या दिवशी त्यांच्याजवळ कारण तयार नव्हतं. माझ्या गाडीत लागणार नाही म्हणून त्यांनी शोधणंच सोडलं होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, ते बसलेत, बसू दे. गाडी तशीही जाणार आहे आणि तशीही येणार आहे.

चष्मेवाल्याने माझा बिल्ला वाचला, जसा काही पहिल्यांदाच बघतोय. मग शांतपणे म्हणाला, "तुमचे कुणी आहेत का हे? नातेवाइकांना पाठीशी घालणाऱ्याला घरी बसवायचा हुकूम आहे, माहीत असेल."

मी सांगणारच होते. हो, बाप आहे माझा, आणि तुम्हाला काय करायचं ते करा, हे सगळं जिभेवर होतं. पण बाबा माझ्या आधी उठले.

"छे हो," ते म्हणाले. "या बाई रोज उतरा म्हणतात, मीच ऐकत नाही. मी नाही ओळखत यांना."

बाई. ज्या माणसाने मला चिमे आणि सटवे यांशिवाय हाक मारली नाही, तो मला बाई म्हणाला. आणि वर साहेबासमोर माझ्या कामाची तारीफ करून. डबा काखेत धरून ते दाराकडे निघाले. लोकांनी अंग चोरून वाट दिली. त्यांनी दांडा धरला, आधी दुखरा पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि रस्त्यावर उभे राहिले. सुईदोरा सीटवरच राहिला.

आमच्यात घंटी दोनदा वाजवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. घंटीची दोरी माझ्या डोक्यावर होती. मी हात वर केला नाही.

थोडा वेळ गेला. मागून कुणी म्हणालं, बाई चला ना. एक नर्स होती, तिला उशीर होत होता, ती म्हणाली पेशंट ताटकळलेत हो. तिचं खरं होतं. मग जाड कोटातली एक बाई म्हणाली की एका म्हाताऱ्यासाठी सगळ्यांना खोळंबवायचं म्हणजे काय, फुकट बसायचं आणि वर हे नखरे.

मी तिच्याकडे वळले. "तुम्ही काय पैसे मोजून बसलाय?" मी म्हटलं. "या गाडीत एकाने तरी काही दिलंय का आज? का फुकट्या फक्त तो एकटाच?"

कुणी माझ्या बाजूचं झालं नाही. मला वाटलं होतं, निदान ती अभ्यास करणारी मुलगी काही बोलेल. ती पुस्तकात डोकं घालून बसली. तिलाही उतरवलं असतं, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा मला तिचाही राग आला. गाड्या कमी ठेवल्या त्या साहेबांनी, आणि एकमेकांच्या मांडीखालची जागा ओढत होतो आम्ही.

चष्मेवाला म्हणाला, घंटी द्या. मी म्हटलं, नाही देत.

"कारण?"

"कारण नाही," मी म्हटलं. "तुम्हाला सगळ्यांकडून कारण लागतं ना. माझ्याकडे नाही. उतरवा मला."

त्याने खिशातून पेन काढलं. टोपण उघडून तो माझा नंबर लिहायला लागला, आणि मी त्याला तो मोठ्याने सांगितला, लिहिताना चूक नको म्हणून. बरं वाटत होतं मला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा राग योग्य माणसाच्या तोंडावर होता, आणि तो मी सोडणार नव्हते.

तेवढ्यात गाडीच्या पत्र्यावर बाहेरून दोन थापा पडल्या. धप, धप.

गर्दी इतकी असते की कधी कधी दोरीपर्यंत हात पोचत नाही. तेव्हा आम्ही दारातून हात काढून पत्र्यावर दोन थापा मारतो, आणि ड्रायव्हर ते घंटीसारखंच मानतो. बाबा इतका काळ बसमध्ये राहिलेले, त्यांना हे माहीत होतं. ड्रायव्हरला वाटलं मीच थाप दिली. गाडी सुटली.

मी लोकांना ढकलत दारात आले आणि अर्धी बाहेर लोंबकळून ओरडले, "बाबा!"

अख्ख्या गाडीने ऐकलं. चष्मेवाल्यानेही ऐकलं, त्याचं पेन थांबलं. जे लपवायला त्यांनी मला परकी केलं होतं ते मी चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी पुन्हा ओरडले. हा आवाज भर बाजारात गाडीच्या मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचतो. आणि बाबांचे डोळे अधू झालेत, कान नाही. बंद दाराआड दादाने कूस बदललेली त्यांना ऐकू येते.

ते डेपोच्या भिंतीच्या कडेने चालत होते. त्या भिंतीला पुढे दूरवर दार नाही, दुकान नाही, काही नाही. डबा काखेत, गुडघा दुखत असताना भरभर, कुणीतरी वाट बघत असल्यासारखे. मी हाका मारत राहिले. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.